इराणचं प्रॉक्सी जाळं : बॉम्बने किती तुटतं, पगाराने किती?

रेवती९

५ ऑगस्ट २०२५ रोजी लेबनॉनच्या मंत्रिमंडळाने आपल्या लष्कराला सांगितलं की देशातली सगळी शस्त्रं वर्षअखेरपर्यंत सरकारच्याच हाती येतील अशी योजना तयार करा. रोख हिजबुल्लावर, म्हणजे इराणने पोसलेल्या तिथल्या शिया सशस्त्र पक्षावर आहे हे तिथल्या शाळकरी मुलालाही कळलं असेल. लेबनॉनचं यादवी युद्ध संपवणाऱ्या १९८९च्या ताइफ करारातच सगळ्या सशस्त्र गटांनी शस्त्रं खाली ठेवायची असं ठरलं होतं. बहुतेकांनी ती खाली ठेवली. हिजबुल्लाने 'आम्ही इस्रायलशी लढतोय' म्हणून खाली ठेवली नाहीत. पुढे २००४चा १५५९ आणि २००६चा १७०१ असे संयुक्त राष्ट्रांचे दोन ठराव झाले, तरी शस्त्रं जिथे होती तिथेच राहिली.

एखादा देश दुसऱ्या देशात आपलं माणूस, आपला पैसा आणि आपली बंदूक पेरून तिथल्या सरकारला वेठीला धरतो, तेव्हा त्याला उत्तर कसं द्यायचं? सध्या जगासमोर याचं सगळ्यात मोठं उदाहरण इराण आहे, म्हणून हा धागा.

सुरुवात १९८२ची. इस्रायलने लेबनॉनवर चढाई केली आणि इराणने रिव्होल्यूशनरी गार्ड या आपल्या खास लष्करी दलाची एक तुकडी बेका खोऱ्यात, बालबेकला धाडली. तिने तिथल्या शिया तरुणांना प्रशिक्षण दिलं. १९८५मध्ये हिजबुल्लाने जाहीरनामा काढला. २०१६मध्ये हिजबुल्लाचा प्रमुख नसरुल्लाने भर भाषणात सांगितलं की आमचा खर्च, पगार, शस्त्रं सगळं इराणहून येतं. लपवाछपवीची गरजच उरली नव्हती.

बातम्यांत आपण क्षेपणास्त्रं बघतो. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते 'कर्द अल-हसन'. १९८०च्या दशकात सुरू झालेली ही हिजबुल्लाची कर्जसंस्था. आपल्याकडच्या पतसंस्थेसारखा कारभार: बाई बांगड्या घेऊन येते, सोनं तोलून तारण ठेवतात, तिला बिनव्याजी डॉलर मिळतात, हप्त्याहप्त्याने फेडते, बांगड्या परत. २०१९च्या अखेरीला लेबनॉनच्या बँका कोसळल्या आणि लोकांना स्वतःच्या खात्यातले पैसे काढता येईनात, तेव्हाही ही संस्था डॉलर देत होती. अमेरिकेने तिच्यावर २००७मध्येच निर्बंध घातले. ऑक्टोबर २०२४मध्ये इस्रायलने तिच्या शाखांवर बॉम्ब टाकले. पण ज्या बाईच्या बांगड्या तिथे होत्या, तिला उद्या मुलाच्या फीसाठी पैसे लागले तर ती कुणाच्या दारात जाईल, हे बॉम्बने ठरत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. सरकार जिथे जिथे गैरहजर आहे तिथे तिथे हे जाळं विणलं गेलं. शिपायाचा पगार, दवाखाना, कर्ज, पडलेलं घर बांधून देणं, हे सरकारने परत आपल्याकडे घेतल्याशिवाय ते सुटणार नाही. वेगळं मत असेल तर जरूर मांडा, मला ऐकायचं आहे.

---

सुभेदार_सातारा

ताई, धागा वाचून बरं वाटलं. मी युनिफिलमध्ये, म्हणजे लेबनॉनमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत राहून आलोय. आपली भारतीय बटालियन १९९८पासून दक्षिण लेबनॉनमध्ये आहे, मुख्यालय एबेल अस-साकी गावात. 'ब्लू लाइन'वर, म्हणजे लेबनॉन-इस्रायलमधल्या सीमारेषेवर टेहळणी हे मुख्य काम. पण गावकरी आम्हाला ओळखायचे ते डॉक्टर आणि जनावरांच्या डॉक्टरमुळे. शेळ्यामेंढ्यांना डोस द्यायचा दिवस असला की डोंगरावरचे मेंढपाळ पहाटेपासून येऊन थांबायचे.

तिथे एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. लेबनीज लष्कराचा नाका असायचा, त्यावरचा जवान सभ्य, शिकलेला, पण पगार एवढा घसरलेला की ड्यूटी संपल्यावर दुसरीकडे काम शोधायचा. त्याच्याच गावातला, त्याच्याच वयाचा मुलगा पक्षाच्या, म्हणजे हिजबुल्लाच्या पगारावर असला की त्याचं घर नीट चालायचं. दोघांत वैर नव्हतं, कित्येकदा नात्यातलेच असायचे. आता त्या जवानाला 'जा, तुझ्या मावसभावाच्या घरातली शस्त्रं काढून आण' म्हणून हुकूम द्यायचा आहे. हुकूम देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

---

रेवती९

सुभेदार, तुम्ही लिहिलंत ते आकड्यांतही दिसतं. लेबनॉनचा लिरा ९५ टक्क्यांहून जास्त घसरला. २०२०मध्ये लष्कराने जवानांच्या जेवणातून मांस बंद केलं. २०२१च्या उन्हाळ्यात तर पैसे उभे करायला लष्कर पर्यटकांना हेलिकॉप्टरमधून फिरवत होतं, १५ मिनिटांचे १५० डॉलर. पुढे कतारने जवानांच्या पगारासाठी ६ कोटी डॉलर दिले, आणि २०२३मध्ये अमेरिकेने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत प्रत्येक जवानाला काही महिने दरमहा १०० डॉलर दिले. या लढाईत दिलेले सगळ्यात सत्कारणी लागलेले डॉलर मी यांनाच म्हणेन. ते वर्षानुवर्षं नेमाने मिळायला हवे होते, तसे मिळाले नाहीत.

---

कणखर_देश

असहमत. पगार, दवाखाने सगळं ठीक आहे, पण २०२४मध्ये जे घडलं त्याकडे डोळेझाक नको. १७ सप्टेंबरला हिजबुल्लाच्या माणसांकडचे पेजर फुटले, २७ सप्टेंबरला नसरुल्ला मारला गेला, दोन महिन्यांत युद्धबंदी. ८ डिसेंबरला सीरियाचा राष्ट्राध्यक्ष असद पळाला आणि इराणहून इराक-सीरियामार्गे लेबनॉनला जाणारा जमिनीवरचा रस्ता बंद झाला. मंत्रिमंडळाने ऑगस्टमध्ये तो ठराव करण्याचं धाडस केलं ते या माराशिवाय केलं असतं का? जून २०२५मध्ये इस्रायल-इराण १२ दिवस लढले, तेव्हा हिजबुल्ला जागेवर बसून राहिली. ज्या गटांना चाळीस वर्षं इराणने आपली ढाल म्हणून पोसलं, ते ऐन वेळी पुढे आले नाहीत. हे शस्त्रबळानेच साधलं.

---

रेवती९

कणखर, मार बसला म्हणून दार उघडलं हे मला मान्यच आहे. जोसेफ औन ९ जानेवारी २०२५ला लेबनॉनचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्याआधी दोन वर्षांहून जास्त ती खुर्ची रिकामी होती. पण असद पडला तो सीरियातल्याच बंडखोरांमुळे, आणि त्याच्या सैन्याला लढायची इच्छाच उरली नव्हती म्हणून. तेही पुन्हा पगाराशी येऊन थांबतं; तिथल्या शिपायाच्या पगारात महिन्याचा किराणाही येत नव्हता.

आणि नुसत्या बॉम्बचं काय होतं ते येमेनमध्ये बघा. अमेरिकेने १५ मार्च ते ६ मे २०२५ तिथल्या इराणसमर्थित हूथी बंडखोरांवर हल्ले केले, मग ओमानच्या मध्यस्थीने थांबले. जुलैच्या सुरुवातीला हूथींनी 'मॅजिक सीज' आणि 'इटर्निटी सी' ही दोन जहाजं पाठोपाठ बुडवली. त्याच जुलैमध्ये जाहीर झालं की येमेनमधल्याच हूथीविरोधी तारिक सालेहच्या दलाने तांबड्या समुद्रात ७५० टन इराणी शस्त्रसाठा पकडला: क्षेपणास्त्रं, ड्रोनची इंजिनं, रडार. स्थानिक माणसं, स्थानिक बोटी, किनाऱ्याची खडान्‌खडा माहिती. मला त्या पकडलेल्या बोटीचं मोल सात आठवड्यांच्या बॉम्बफेकीपेक्षा जास्त वाटतं.

---

दर्यावर्दी

इटर्निटी सीचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी रत्नागिरीचा, मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनियर. तांबड्या समुद्राच्या दक्षिण तोंडाशी असलेल्या बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीतून जाणं म्हणजे काय ते सांगतो.

एडनच्या आखाताच्या आधीच तयारी सुरू होते. रेलिंगवर काटेरी तारांची वेटोळी बांधायची, फायर होज बाहेरच्या बाजूला तोंड करून लावायचे, रात्री डेकवरचे दिवे बंद, पोर्टहोल झाकायचे. समुद्री चाच्यांच्या काळात 'सिटाडेल' होतं, म्हणजे इंजिनरूममध्ये सगळ्यांनी कोंडून घ्यायची जागा. ड्रोन आणि क्षेपणास्त्र आल्यावर तेच उलटं झालं: खाली पाण्याच्या पातळीजवळ बसलात आणि स्फोटकांनी भरलेली बोट येऊन धडकली तर पहिला घाव इंजिनरूमवर. मार्च २०२४मध्ये 'ट्रू कॉन्फिडन्स'वर तीन खलाशी गेले. बाकीच्या २१ जणांना आपल्या आयएनएस कोलकाताने उचललं. 'इटर्निटी सी'वर २५ माणसं होती, १० जणांना पाण्यातून काढलं, त्यांत एक भारतीय.

करारानुसार त्या पट्ट्यात दुप्पट मूळ पगार मिळतो आणि जायला नकार द्यायचा हक्क असतो. हक्क कागदावर पक्का आहे. पण घरी कर्ज असलेला पोरगा नकार देताना दहादा विचार करतो, कारण पुढचं काँट्रॅक्ट मिळेल का ही धास्ती. आमच्यासारख्यांना कुठल्या देशाचा प्रभाव वाढला नि कुणाचा कमी झाला याने फरक पडत नाही. हूथी म्हणाले गाझासाठी इस्रायलशी संबंधित जहाजं मारतो. मग संबंध नसलेलीही मारली. 'गॅलेक्सी लीडर'चे २५ खलाशी नोव्हेंबर २०२३पासून जानेवारी २०२५पर्यंत अडकून होते. त्यांचा गाझाशी काय संबंध? सगळे फिलिपिन्स, बल्गेरिया, युक्रेन असल्या देशांतली नोकरदार माणसं.

---

निफाडची_बाग

दर्यावर्दी दादा, आधी तुमची आणि तुमच्या सोबत्यांची काळजी घ्या.

तांबडा समुद्र बंद म्हटल्यावर आमच्याकडे काय झालं तेही नोंदवून ठेवते. २०२४च्या हंगामात युरोपला जाणारा द्राक्षाचा माल न्हावा-शेव्याहून आफ्रिकेला वळसा घालून गेला. दोन आठवड्यांच्या आसपास जास्तीचा प्रवास. प्री-कूलिंग नीट केलं, पेटीत ग्रेप गार्ड (बुरशी रोखणारा कागद) टाकला तरी रीफर, म्हणजे शीत कंटेनरमध्ये इतके दिवस काढल्यावर देठ तपकिरी पडतो, मणीगळ होते. रॉटरडॅमला पेटी उघडली की खरेदीदार आधी देठच बघतो. भाडं वाढलं ते वेगळंच. येमेनमधल्या सादा प्रांताचं नाव मी त्या वर्षापर्यंत ऐकलं नव्हतं, आणि तिथल्या या हूथी टोळीने माझ्या बागेचा दर ठरवला.

---

खडूफळा

निवृत्त इतिहास शिक्षक आहे, म्हणून दुसरी बाजू मांडणं कर्तव्य समजतो. इराणचं समर्थन करत नाही. पण १९८० ते १९८८ सद्दामशी युद्ध झालं तेव्हा इराणी शहरांवर क्षेपणास्त्रं पडत होती, सीमेवर विषारी वायू सोडला जात होता आणि जग सद्दामला मदत करत होतं. त्या पिढीने धडा घेतला की पुन्हा युद्ध आपल्या अंगणात येऊ द्यायचं नाही, दुसऱ्याच्या भूमीवर लढायचं. आज जे सत्तेत आहेत ते त्याच खंदकांतून आलेले. परकी माणसं वापरणं हा काही इराणचा शोधही नाही. निकाराग्वात अमेरिकेने काँट्रा बंडखोर पोसले, अफगाणिस्तानात मुजाहिदीन. रेवती, माझा प्रश्न असा: हे सगळे गट खरोखर तेहरानच्या शब्दाबाहेर नाहीत का? तसं नसेल तर सगळ्यांवर एकच औषध कसं चालेल?

---

रेवती९

काका, प्रश्न अगदी वर्मावरचा. एकच औषध चालत नाही, आणि पाश्चात्त्य देशांची मोठी चूक हीच झाली असं मला वाटतं.

हूथी घ्या. ते झैदी शिया, इराणच्या बारा इमामी पंथाहून वेगळे. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अली अब्दुल्ला सालेह यांच्या सरकारशी २००४ ते २०१० सहा वेळा लढले ते स्वतःच्या तक्रारींसाठी: सादा भागाची उपेक्षा, सौदी पैशावर वाढलेले सलाफी, म्हणजे कट्टर सुन्नी. सप्टेंबर २०१४मध्ये सना घेतलं. इराणची खरी मोठी मदत त्यानंतर वाढली. त्यांना नुसतं 'इराणचं बाहुलं' म्हटलं की त्यांच्या तक्रारींवर बोलायची वाटच बंद होते आणि ते इराणच्या आणखी जवळ ढकलले जातात. १० मार्च २०२३ला बीजिंगमध्ये सौदी-इराण समझोता झाला, तरी त्याच वर्षी हूथींनी जहाजांवर हल्ले सुरू केले. त्यांचं स्वतःचं गणित आहे.

उलट टोकाला फातेमियून ब्रिगेड. इराणमध्ये आसरा घेतलेले गरीब अफगाण हजारा, म्हणजे तिथले शिया. त्यांना पगार आणि राहण्याच्या कागदपत्रांचं आमिष दाखवून सीरियात लढायला पाठवलं. इथे विचारसरणी दुय्यम, लाचारी मुख्य. अशा माणसांना दुसरीकडे कायद्याने राहायची जागा मिळाली असती तर किती जण दमास्कसला मरायला गेले असते?

---

दुबई_डायरी

मी इथे जहाज वाहतुकीच्या कागदपत्रांचं काम करतो. इराकचा मुद्दा धाग्यात यायला हवा, कारण इराणची सगळ्यात चलाख खेळी तिथेच आहे.

जून २०१४मध्ये आयसिसने मोसुल घेतलं, इराकमधले सर्वोच्च शिया धर्मगुरू आयातुल्ला सिस्तानींनी लोकांना शस्त्र उचलायचं आवाहन केलं, हजारो तरुण आले. त्यांचं 'हश्द अल-शाबी' हे सशस्त्र दल झालं. त्यात इराणने घडवलेले जुने गट आधीच तयार होते, बद्र १९८०च्या दशकातलं, कताइब हिजबुल्ला नंतरचं. त्यांनी संघटनेचा ताबा घेतला. २०१६मध्ये इराकी संसदेने कायदा करून हश्दला सरकारी दल बनवलं. २०२३च्या अर्थसंकल्पात सुमारे २ लाख ३८ हजार जणांचा पगार धरलेला होता. म्हणजे माणसं तेहरानच्या कलाने चालणार आणि पगार बसऱ्याच्या तेलातून जाणार. इराणचा खिसा रिकामा झाला तरी हे जाळं उभं राहतं. रेवतीताई, 'पगार सरकारने द्यावा' एवढ्याने भागत नाही ते इथे दिसतं. पगार सरकारचा असूनही हुकूम दुसऱ्याचा.

माझ्या मते इथला तोडगा हिशेबाचा आहे. पगार गटाच्या प्रमुखाच्या हाती एकगठ्ठा न देता थेट माणसाच्या बँक खात्यात, बायोमेट्रिक ओळख पटवून. म्हणजे नावापुरते भरलेले शिपाई गळतात आणि मधल्या माणसाची पकड सुटते. दुसरं म्हणजे वीज. इराकची वीज मोठ्या प्रमाणात इराणी गॅसवर चालते. उन्हाळ्यात ५० अंशांत गॅस बंद झाला की बगदादचं सरकार गुडघ्यावर येतं. आखाती देशांच्या ग्रिडला कुवेतमार्गे दक्षिण इराक जोडायचं काम सुरू आहे. ती तार म्हणजे माझ्या लेखी शंभर निर्बंधांच्या बरोबरीची.

---

रेवती९

दुबई_डायरी, मुद्दा पटला. थेट खात्यात पगार ही माझ्या लेखात राहून गेलेली बाजू तुम्ही भरून काढलीत. दक्षिण लेबनॉनमध्ये सरकार नव्हतंच. बगदादमध्ये ते आहे, पण आतून पोखरलेलं. दोन्हीकडे उपाय वेगळे.

---

लोकलचा_डबा

मुंबईकर म्हणून एक लिहितो, विषयाबाहेरचं वाटलं तर संपादकांनी उडवावं. २६/११ आपण भोगलंय. लष्कर-ए-तैयबानेही हेच केलं होतं: जमात-उद-दावा ही समाजसेवेच्या नावाची संस्था, शाळा, रुग्णवाहिका, २००५च्या भूकंपात मदतकार्य. आपण पुरावे देत राहिलो, पाकिस्तान झटकत राहिला. हालचाल झाली ती जून २०१८मध्ये एफएटीएफने, म्हणजे दहशतवादाच्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, करड्या यादीत टाकल्यावर. कर्ज महाग होणार, परदेशी बँका टाळणार म्हटल्यावर २०२०मध्ये लष्करचा संस्थापक हाफिज सईदला दहशतवादाच्या निधीसाठी शिक्षा झाली, २०२२मध्ये त्याच संघटनेच्या साजिद मीरला. ऑक्टोबर २०२२मध्ये यादीतून बाहेर काढलं आणि दबाव ओसरला. मला यातून दिसतं ते असं की आश्रय देणाऱ्या देशाच्या बँकांना झळ बसली तरच तो हलतो, आणि झळ थांबली की परत मूळपदावर येतो. इराण तर २०२०पासून त्याच संस्थेच्या काळ्या यादीत आहे, तरी थांबला नाही, कारण त्याने यादीबाहेरचे रस्ते आधीच बांधले होते. जो देश जगाच्या बाजारात अजून उभा आहे, त्याच्यावरच हा उपाय लागू पडतो.

---

संपादक मंडळ

प्रतिसाद ठेवला आहे. पाकिस्तानविषयी पुढची चर्चा कृपया वेगळ्या धाग्यावर करावी.

---

कणखर_देश

लोकलचा_डबा, +१. मग रेवती, सांगा, इराणवर बँकांची झळ चालत नाही, बॉम्ब अर्धेच चालतात, तर उरतं काय?

---

रेवती९

उरतात तिथली माणसं. तुमच्या यादीत तीच नाहीत.

ऑक्टोबर २०१९मध्ये बगदाद, नासिरिया, बसऱ्यात तरुण रस्त्यावर आले. बहुतेक शिया, म्हणजे ज्यांच्या नावाने इराण तिथे बसला आहे तेच. नोकरी द्या, वीज द्या, भ्रष्टाचार थांबवा, आणि इराणने आमच्या देशातून जावं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला कर्बलात इराणच्या वकिलातीवर जमाव चालून गेला, २७ नोव्हेंबरला नजफची वकिलात जाळली गेली. नजफ, कर्बला! शियांची सर्वांत पवित्र शहरं. कुठल्याही परक्या देशाच्या प्रचाराला चाळीस वर्षांत जे जमलं नसतं ते या पोरांनी केलं. आणि गोळ्या झेलल्या, शेकडो मेले. जुलै २०२०मध्ये या गटांचा अभ्यास करणारे हिशाम अल-हाशिमी बगदादमध्ये घराबाहेर मारले गेले. फेब्रुवारी २०२१मध्ये लेबनॉनमध्ये लोकमान स्लिम, शिया घरातला प्रकाशक, हिजबुल्लाचा उघड टीकाकार, दक्षिणेत गाडीत मृत सापडला. त्याच्या मारेकऱ्यांना शिक्षा झालेली नाही.

मला राग येतो तो इथे. ज्या देशांनी क्षेपणास्त्रं पाडायला अब्जावधी खर्च केले, त्यांनी या माणसांसाठी काय केलं? एक निःपक्ष तपास, धमकी आलेल्या पत्रकाराला तातडीचा व्हिसा, एका स्वतंत्र वर्तमानपत्राचा वर्षाचा खर्च. एका इंटरसेप्टरच्या किमतीत कितीतरी वर्षं निघाली असती. जाळ्याला आतून विरोध करणारा माणूस जिवंत राहणं हे मी कुठल्याही रणनीतीत पहिल्या क्रमांकावर ठेवेन.

---

सुभेदार_सातारा

पटलं. कणखर साहेब, बंदूक लागतेच, मी फौजी माणूस आहे, नाही कसं म्हणू. पण गावात गेल्यावर कळतं की बंदुकीने गाव ताब्यात येतं, आपलं होत नाही.

ताई, एकच विचारतो. २०२४च्या युद्धात सीमेवरची गावं जमीनदोस्त झाली. ती आता बांधून कोण देणार?

---

रेवती९

सुभेदार, सध्या सगळं याच प्रश्नावर अडलं आहे. ऑगस्ट २००६मध्ये युद्ध थांबलं आणि काही दिवसांतच हिजबुल्लाची माणसं बैरुतच्या दाहिये या दक्षिण उपनगरात टेबल टाकून बसली. घर गेलेल्या कुटुंबाने नाव नोंदवायचं, कागद दाखवायचा, १२ हजार डॉलर रोख घेऊन जायचं. वर्षभराचं भाडं आणि सामान. सरकारचा माणूस येईपर्यंत लोक नव्या भाड्याच्या घरात राहायलाही गेले होते. पुढे 'जिहाद अल-बिना' या हिजबुल्लाच्या बांधकाम संस्थेने इमारती उभ्या केल्या. त्या टेबलावर जे कमावलं ते पुढची अठरा वर्षं पुरलं.

या वेळी हिजबुल्लाकडे तेवढी रोकड नाही, सीरियाचा रस्ताही नाही. जागतिक बँकेने मार्च २०२५मध्ये पुनर्बांधणीची गरज ११ अब्ज डॉलर सांगितली आणि जूनमध्ये मंजूर केले २५ कोटी. आखाती देश म्हणतात, आधी शस्त्रं घ्या, मग पैसे देऊ. हिजबुल्ला म्हणते, आधी इस्रायलने दक्षिण लेबनॉनमधल्या डोंगरावरच्या चौक्या सोडाव्यात, मग शस्त्रांचं बोलू. आणि सीमेवरच्या गावातलं कुटुंब नातेवाइकांच्या एका खोलीत राहतंय. माझं मत: पैसे आत्ता द्यावेत, शस्त्रांची वाट न बघता, नगरपालिकेमार्फत, लेबनॉन सरकारच्या शिक्क्याच्या धनादेशाने, प्रत्येक घराचा हिशेब जाहीर लावून. तुमच्या ओळखीचे कुणी अजून त्या बटालियनमध्ये असतील तर विचाराल का, एबेल अस-साकीच्या आसपास नुकसानीचे पंचनामे करायला आत्तापर्यंत कोण येऊन गेलं, सरकारचा माणूस की पक्षाचा?